हृदयविकार, अंगातील दाह आणि आनुवंशिकता

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मी बी.ए., बी.एड. झालेला मराठी व इतिहासाचा शिक्षक आहे. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. असे असता हृदयविकारासारख्या विषयावर बोलण्याचे धाडस मी का करीत आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील ४४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. रिक्षा चालवीत. सकाळी छातीत कळ आली, 'ॲसिडिटी असेल' म्हणून दोन तास घरीच काढले आणि दवाखान्याच्या दारातच सारे आटोपले. दहा-बारा दिवसांनी तो मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, दादाजानही असेच गेले होते. आता अब्बाही गेले. हे आमच्या रक्तातच आहे का? मग अभ्यास करून तरी काय उपयोग?" त्याच्या हातात त्याच्या अम्मीच्या तपासणीचा कागद होता. त्यात 'सी.आर.पी.' नावाचा एक आकडा वाढलेला होता. मोहल्ल्यातील एका हितचिंतकाने सांगितले होते की ही अंगातली सूज आहे, हीच हृदयाला खाते, तेव्हा सूज उतरवण्याची गोळी रोज एक घ्यावी. अम्मींनी ती गोळी सुरूही केली होती.

त्या दिवशी माझ्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. हा सी.आर.पी. खरोखरच हृदयाचा वैरी आहे काय? आणि रक्तात जे आले ते अटळ आहे काय? मला उत्तर देता आले नाही. शिक्षकाला उत्तर येत नसेल तर त्याने वाचावे, विचारावे आणि मग वर्गात यावे, असे मी मानतो. ते करण्यात काही महिने गेले. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम 'दाह' म्हणजे काय ते पाहू. बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. शरीराचे रक्षक तेथे धावून आल्याची ती खूण असते. हा दाह उपकारकच आहे. परंतु तोच दाह मंद निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत धुमसत राहिला तर घात करतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत चरबीचे थर साचतात, एवढेच आपण ऐकलेले असते. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच या थरांत दाहाची लक्षणे पाहिली होती. १९९९ साली अमेरिकेतील रसेल रॉस यांनी रोहिण्यांचा हा रोग म्हणजे मुळात एक दाहजन्य विकारच होय, असे साधार मांडले.

हा दाह मोजायचा कसा? १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. त्यात त्यांना एक असा पदार्थ आढळला की जो न्यूमोनियाच्या जंतूंच्या 'सी' नावाच्या अंशाशी संयोग पावत होता. हाच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सी.आर.पी. तो यकृतात तयार होतो आणि शरीरात कोठेही दाह झाला की रक्तात वाढतो. पुढे अतिसूक्ष्म मोजमाप शक्य झाले आणि असे दिसू लागले की ज्यांचा सी.आर.पी. थोडा जास्त, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाणही जास्त. २०१० साली ५४ अभ्यासांतील १,६०,३०९ लोकांची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हाही हेच दिसले.

मग सी.आर.पी. हाच गुन्हेगार, असे म्हणायला हरकत कोणती?

हरकत आहे, आणि विद्यार्थ्यांनी येथे नीट लक्ष द्यावे. समजा, मी आपल्या शाळेची पाहणी केली आणि मला आढळले की ज्या मुलांच्या घरी अभ्यासाचे टेबल आहे त्यांना गुण अधिक पडतात. तेव्हा संस्थेने सर्वांना टेबले वाटावीत, म्हणजे निकाल वाढेल, असे मी सुचवले तर आपण काय म्हणाल? आपण म्हणाल, "मास्तर, ज्या घरी टेबल आहे तेथे स्वतंत्र खोलीही असते, दिवाही असतो, शिकलेले आई-बापही असतात. गुण टेबलाने वाढले की या इतर गोष्टींनी?" आपला प्रश्न रास्त ठरेल. शिवाय उलटही घडू शकते. मुलगा हुशार निघाला म्हणून बापाने हौसेने टेबल आणून दिले असेल. म्हणजे टेबलामुळे गुण वाढले नाहीत, गुणांमुळे टेबल आले.

सी.आर.पी.चेही असेच आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा सी.आर.पी. वाढतो, पोट सुटलेल्याचा वाढतो, मधुमेह्याचा वाढतो, हिरड्या सुजलेल्याचा वाढतो. यांतील बऱ्याच गोष्टी हृदयालाही अपाय करतातच. आणि रोहिणीच आतून आजारी झाली असेल तर त्या आजारानेही सी.आर.पी. वाढेल. वर सांगितलेल्या मोठ्या अभ्यासात केवळ वय आणि लिंग लक्षात घेतले तेव्हा सी.आर.पी.च्या एका ठरावीक वाढीमागे हृदयविकाराचा धोका १.६३ पट दिसला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल इत्यादी गोष्टीही हिशेबात धरल्या तेव्हा तो १.३७ पटीवर आला. हिशेबात धरता न आलेल्या आणखी किती गोष्टी शिल्लक राहिल्या असतील, हे कोण सांगणार?

टेबलाचा निकाल लावायचा खरा मार्ग एकच. टेबल नसलेली २०० मुले घ्यावीत, चिठ्ठ्या टाकाव्यात, ज्या १०० मुलांचे नाव निघेल त्यांना टेबल द्यावे आणि वर्षअखेर गुण पाहावेत. चिठ्ठी गरीब-श्रीमंत पाहत नाही, हुशार-मंद पाहत नाही. म्हणून दोन्ही गट सारखे होतात, आणि जो फरक पडेल तो टेबलाचाच. औषधांच्या चाचण्या याच तत्त्वावर होतात. परंतु चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांचा सी.आर.पी. जन्मापासून वाढवून ठेवणे कोणाला शक्य आहे?

माणसाला शक्य नाही. पण निसर्ग ही चिठ्ठी रोजच काढतो. आता आपण जनुकांकडे येतो.

ब्रुन येथील मठात वाटाण्याची रोपे वाढवणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी १८६५ साली आपले निष्कर्ष वाचून दाखवले व १८६६ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांतून पुढे जो नियम स्पष्ट झाला तो असा : आपल्या बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आई आपल्या दोन प्रतींपैकी कोणती एक अपत्याला देईल हे नाणेफेकीसारखे असते. वडिलांचेही तसेच. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाला एक प्रत मिळते, दुसऱ्याला दुसरी. येथे कोणाची श्रीमंती चालत नाही, वशिला तर नाहीच. आणि ही चिठ्ठी जन्मापूर्वीच निघालेली असल्यामुळे पुढे येणारा आजार ती बदलू शकत नाही. म्हणजे मघाच्या दोन्ही शंका मोठ्या प्रमाणात मिटतात.

या गोष्टीचा उपयोग करता येईल हे १९८६ साली मार्टिन कॅटन या डच शास्त्रज्ञाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एका छोट्या पत्रात सुचवले. त्या वेळी अशी भीती होती की कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांना कर्करोग अधिक होतो. कॅटन यांचे म्हणणे असे : काही लोकांना 'अपो-ई' नावाच्या जनुकाचा असा प्रकार मिळतो की त्यांचे कोलेस्टेरॉल जन्मतःच कमी असते. कमी कोलेस्टेरॉल हेच कर्करोगाचे कारण असेल तर या लोकांत कर्करोग जास्त दिसला पाहिजे. तसा दिसला नाही, तर कर्करोगच आधी येऊन कोलेस्टेरॉल उतरवीत असावा. युक्ती किती साधी! २००३ साली ब्रिटनमधील जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहीम यांनी या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले. तिला 'मेंडेलियन रँडमायझेशन' म्हणतात. आपण तिला मेंडेलची चिठ्ठी म्हणू.

आता ही चिठ्ठी सी.आर.पी.ला लावून पाहू. ज्या जनुकावरून सी.आर.पी. तयार होतो त्यात लहानसहान फरक असतात. काही प्रकार मिळालेल्यांचा सी.आर.पी. आयुष्यभर थोडा चढा राहतो, काहींचा उतरता. सी.आर.पी. स्वतः हृदयाला अपाय करीत असेल तर चढा प्रकार मिळालेल्यांत हृदयविकार जास्त दिसला पाहिजे. २००८ साली कोपनहेगन येथील संशोधकांनी ५० हजारांहून अधिक लोकांत हे तपासले. फरक दिसला नाही. २०११ साली १५ देशांतील ४७ अभ्यास एकत्र करण्यात आले. एकंदर १,९४,४१८ माणसे, त्यांपैकी ४६,५५७ हृदयरोगी. निष्कर्ष असा की जनुकांमुळे सी.आर.पी. वाढलेला असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका १.०० पट, म्हणजे इतरांइतकाच होता.

याचा अर्थ काय? गावात पूर आला की दवंडी पिटली जाते. जितका पूर मोठा तितकी दवंडी जोरात. पण दवंडी पिटणाऱ्याचा ढोल फोडला म्हणून पूर ओसरत नाही. सी.आर.पी. हा दवंडी देणारा आहे. तो खबर देतो. डॉक्टर त्या खबरेचा उपयोग करतात आणि त्यांनी तो करावाच. परंतु अपराध त्याचा नाही.

मग दाह आणि हृदयविकार यांचा संबंधच नाही, असे समजायचे काय? नाही. येथेच या संशोधनाची खरी गंमत आहे. दवंडी देणारा आपणहून ओरडत नाही, त्याला कोणी तरी हुकूम देतो. यकृताला सी.आर.पी. बनवण्याचा हुकूम देणारा पदार्थ म्हणजे इंटरल्युकिन-६. त्याच्याही वर इंटरल्युकिन-१ बसलेला असतो. शास्त्रज्ञांनी तीच चिठ्ठी आता एक पायरी वर नेऊन लावली.

इंटरल्युकिन-६ चा संदेश पेशीने स्वीकारावा यासाठी पेशीवर एक ग्राहक रेणू असतो. त्याच्या जनुकात एक फरक आढळतो, ज्यामुळे ३५८ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲलनिन येते. ज्यांना हा प्रकार मिळाला त्यांच्या पेशींपर्यंत दाहाचा हुकूम जन्मभर थोडा क्षीण पोहोचतो. त्यांचा सी.आर.पी.ही कमी असतो. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८२ पाहण्यांतील २,०४,९३० लोकांचा हिशेब मांडला होता. त्यात असे दिसले की या प्रकाराची एक प्रत असल्यास सी.आर.पी. सुमारे ७.५ टक्क्यांनी कमी असतो आणि हृदयविकाराची शक्यता ३.४ टक्क्यांनी कमी असते. आकडा लहान आहे, हे खरे. पण त्याने दिशा दाखवली. अपराधी दवंडीवाला नव्हे, हुकुमांची ती साखळी होय.

जनुकांची साक्ष मिळाली तरी औषधाची कसोटी बाकी होती. २०१७ साली 'कॅन्टोस' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पूर्वी झटका येऊन गेलेले आणि सी.आर.पी. चढा असलेले १०,०६१ रुग्ण तीत होते. इंटरल्युकिन-१ ला रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध काहींना दिले, काहींना दिले नाही. अर्थात चिठ्ठ्या टाकूनच. कोलेस्टेरॉलला या औषधाने हात लावला नाही, तरीही १५० मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात व हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. म्हणजे दाह हा हृदयविकाराच्या कारणांपैकी एक आहे, हे माणसांवरील चाचणीने दाखवून दिले.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, आणि एकंदर मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. रक्षकांना आवर घातला की चोरांचे फावते. पुढे मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहशामक औषधाची ४,७८६ रुग्णांवर चाचणी झाली. त्याने इंटरल्युकिनही उतरले नाही आणि झटकेही घटले नाहीत. कोल्चिसिन या गाउटवरील जुन्या औषधाने २०१९ व २०२० सालच्या चाचण्यांत फायदा दाखवला, तर २०२४ साली ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत तो दिसला नाही. तेव्हा 'सूज उतरवा, हृदय वाचवा' इतके हे प्रकरण सोपे नाही.

आता त्या अम्मींच्या गोळीकडे वळतो. अंगदुखीसाठी आपण दुकानातून आणतो त्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही 'सूज उतरवणाऱ्या'च आहेत. पण त्या वेगळ्याच मार्गाने काम करतात, आणि दीर्घकाळ घेतल्यास त्यांतील अनेक गोळ्या झटक्याचा धोका वाढवतात. याच वर्गातील रोफेकॉक्सिब हे औषध याच कारणासाठी २००४ साली जगभरातून मागे घेण्यात आले. म्हणजे ज्या रोगाच्या भीतीने ती माउली गोळी घेत होती, त्याच रोगाला ती गोळी आमंत्रण देत होती. मी तिला डॉक्टरांकडे जाण्याची विनंती केली. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. सी.आर.पी. वाढण्याचे कारण शोधताना असे आढळले की दातांना पू झाला होता आणि रक्तातील साखर वाढलेली होती. दवंडी ऐकून पुराकडे पाहायचे ते असे.

राहिला त्या मुलाचा प्रश्न : रक्तात आहे म्हणजे अटळ आहे काय?

मेंडेलच्या चिठ्ठीचा हिशेब लाखो लोकांच्या सरासरीचा असतो. तो कारण शोधण्यासाठी आहे, एखाद्याचे भविष्य सांगण्यासाठी नाही. तिच्या मर्यादाही आहेत. एखादे जनुक दोन-तीन कामे करीत असेल तर निष्कर्ष फसू शकतो. आजवरच्या या अभ्यासांत भर युरोपीय वंशाच्या लोकांवर होता, म्हणून ते जसेच्या तसे आपल्याला लावताना सावधगिरी हवी. भारतात 'जीनोम इंडिया' उपक्रमात १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले आहे. पुढचे काम आज या सभागृहात बसलेल्या मुलामुलींपैकी कोणी तरी करावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी जीवशास्त्र लागते तसे गणितही लागते, हे गणिताला भिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्नाचे सरळ उत्तर मात्र उपलब्ध आहे. २०१६ साली ५५,६८५ लोकांच्या एका अभ्यासात जनुकांवरून हृदयविकाराचा धोका आधी मोजला. ज्यांना सर्वांत प्रतिकूल चिठ्ठी मिळाली होती त्यांचा धोका अनुकूल चिठ्ठीवाल्यांपेक्षा ९१ टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे रक्तात काही असते, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच प्रतिकूल चिठ्ठीवाल्यांपैकी जे धूम्रपान करीत नव्हते, लठ्ठ नव्हते, नियमित व्यायाम करीत होते आणि नीट आहार घेत होते, म्हणजे या चारांपैकी निदान तीन गोष्टी पाळत होते, त्यांचा धोका बेफिकीर राहणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी निघाला. चिठ्ठी आपल्या हाती नसली तरी ती मिळाल्यानंतर कसे वागावे, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

केरळमध्ये जन्मलेले आणि बंगळूरला वैद्यकी शिकलेले डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत 'इंटरहार्ट' हा अभ्यास झाला. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग नऊ गोष्टींवरून सांगता येतो : तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य. याच अभ्यासातून हेही दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सुमारे ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र सुमारे ५९ व्या वर्षी. घरचा कर्ता माणूस, मुलांची शिक्षणे अर्ध्यावर असतानाच जातो. आपल्यातील किती मुलांची शाळा अशा एका सकाळी सुटली, हे आम्ही शिक्षक हजेरीपटावर पाहतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. ज्या घरात कोणी लहान वयात हृदयविकाराने गेले असेल, तेथील मुलांची कोलेस्टेरॉलची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळीच करून घ्या. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मतःच फार वाढलेले असते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. गुटखा, तंबाखू, बिडी घरातून हद्दपार करा. दावतीच्या ताटात बिर्याणी असावी, पण ती रोजची होऊ नये. दात-हिरड्यांकडे दुर्लक्ष करू नका. छातीत कळ आली तर दोन तास घरी काढू नका. आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून औषध घेऊ नका, डॉक्टरांनी दिलेले बंदही करू नका.

विद्यार्थ्यांना एकच सांगतो. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा एक धडा नीट शिकलात तर वैद्यकातच नव्हे, बाजारात, वर्तमानपत्रात आणि निवडणुकीच्या सभेतही तुम्हांला कोणी सहज फसवू शकणार नाही.

तो मुलगा आता रोज सकाळी चालत शाळेत येतो. त्याने स्वतःचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घेतले. दोन्ही ठीक निघाले. परवा तो मला विचारीत होता, "सर, बारावीनंतर संख्याशास्त्र घेतले तर चालेल का?"

मी म्हटले, "चालेल. अवश्य घे."